दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीचं कीर्तन

गंगाखेडच्या गुरुजींचा कीर्तनं-गाण्यांचा संग्रह जुन्या मॅकवरून नव्या सर्व्हरवर हलवला, फोनवरून गाणी वाजू लागली आणि गुरुजींनी सगळ्यात आधी सप्ताहाची प्लेलिस्ट लावली. पहिल्या दिवसानंतर थेट चौथा दिवस. "सर, बाकीचे दिवस नीट वाजायलेत, दुसरा अन् तिसराच कुठं गेलाय बघा," एवढंच ते म्हणाले. संग्रह हलवण्याच्या कामात फाइली गळणं नवं नाही. पण सात दिवसांच्या सप्ताहातले नेमके हेच दोन दिवस गळावेत, हे चमत्कारिक होतं.

संग्रह सव्वा टीबीचा. कॅसेटवरून उतरवलेली कीर्तनं, भारुडं, जात्यावरच्या ओव्या, आकाशवाणी परभणीवरून टेप केलेले कार्यक्रम, आणि ग़ज़लांचा एक मोठा कप्पा. सगळं एका जुन्या आयमॅकला जोडलेल्या डिस्कवर, एचएफएस प्लस या मॅकच्या फाइलपद्धतीत (म्हणजे डिस्कवर फाइली आणि त्यांची नावं मांडण्याच्या रीतीत). जायचं होतं मिनी पीसीवर: डेबियन लिनक्स, ४ टीबीची डिस्क, ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलपद्धत.

कॉपीआधीची कामं नेहमीचीच. जुन्या डिस्कची स्मार्ट तपासणी करून (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते, त्या पाहून) 'पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न आलेले भाग, शून्य आहेत ना ते पाहायचं. शून्य नसतील तर फाइली कॉपी करत बसायचं नाही, आधी डीडीरेस्क्यू या बिघडत्या डिस्कवरचं वाचवणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची प्रतिमा काढायची. मग प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा (फाइलच्या बाइटांवरून गणिताने काढलेली खूण, एक बाइट बदलला तरी ती बदलते) काढून यादी करायची. जुना मॅक यूएसबी २ चा, म्हणजे सेकंदाला फार तर ३५ एमबी. सव्वा टीबीला दहा तास धरून चालायचं. वायफाय नको, केबलच. दोन्ही मशीन यूपीएसवर हवीत, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट सलग दहा तास राहील असं गृहीत धरणं धाडसाचं आहे. बाहेरची डिस्क टेबल फॅनसमोर ठेवायची. खोलीतच ४० अंश असतील तर बंद डबीतली डिस्क सहज ५५ च्या वर जाते.

कॉपीसाठी आरसिंक हा प्रोग्राम. अर्धवट फाइल राखण्याचा पर्याय चालू, मूळ जागी नसलेल्या फाइली नव्या जागेवरून पुसणारा डिलीटचा पर्याय बंद. कॉपी संपली ती २३ या कोडने, म्हणजे काही फाइली राहिल्या. नोंदीत कारण स्पष्ट होतं: नाव फार लांब. हे मराठी संग्रहात हमखास होतं. ईएक्सटी४ मध्ये फाइलच्या नावाला मर्यादा २५५ बाइटची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो, अनुस्वार असो की हलंत, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं. म्हणजे एक्स्टेन्शन धरून जेमतेम ८५ चिन्हं. एचएफएस प्लसवर मर्यादा २५५ युनिटची आणि तिथे देवनागरी चिन्ह एकच युनिट खातं. 'अखंड हरिनाम सप्ताह तिसऱ्या दिवशीचे कीर्तन' या सहा शब्दांनाच ११३ बाइट लागतात. गुरुजींची पद्धत त्यापुढे कीर्तनकार, मृदंग, पेटी, टाळकरी आणि गाव लिहायची. ती माहिती फाइलच्या टॅगमध्ये (फाइलीच्या आतच साठवलेल्या माहितीच्या रकान्यांत) हलवून नावं जुन्या मॅकवरच आखूड केली, आरसिंक पुन्हा चालवलं आणि कोड शून्य आला. ठशांची यादीही जुळली. नावं बदलली होती म्हणून या वेळी फक्त ठसे क्रमाने लावून ताडले, आणि टॅग बदललेल्या फाइली वेगळ्या तपासल्या. फ्लॅक या प्रकारच्या ध्वनिफाइलीच्या शीर्षभागात उलगडलेल्या आवाजाचा एमडी५, म्हणजे दुसऱ्या पद्धतीचा ठसा, साठवलेला असतो. टॅग कितीही बदलले तरी तो बदलत नाही, म्हणून फ्लॅकची स्वतःची चाचणी अशा वेळी शा-२५६ पेक्षा कामाची. एमपी३ ला ही सोय नाही. तिथे एफएफएमपेग या प्रोग्रामने फक्त आवाजाचा ठसा काढून दोन्हीकडचा मिळवावा लागतो.

म्हणजे आवाज एकूण एक आला होता. सर्व्हरच्या लायब्ररीत शोधलं तर दुसऱ्या दिवशीचं कीर्तन होतं, वाजतही होतं. फक्त प्लेलिस्टमध्ये नव्हतं. इथे वाट सापडली. लायब्ररी टॅग वाचून बनते आणि प्लेलिस्ट फाइलच्या पत्त्यावर चालते. पत्ता एका बाइटने चुकला तरी लिनक्ससाठी ती फाइल नाहीच.

प्लेलिस्ट वेगळ्या विंडोज लॅपटॉपवर हाताने टाइप केलेल्या होत्या. त्यातल्या उलट्या तिरक्या रेघा आणि ओळीच्या शेवटचं अदृश्य चिन्ह आधीच दुरुस्त केलं होतं. म्हणून प्लेलिस्टची प्रत्येक ओळ डिस्कवर सापडते का हे पाहणारी छोटी स्क्रिप्ट लावली आणि न सापडलेल्या ओळी एकाखाली एक छापल्या. दुसऱ्या, तिसऱ्या, वारकऱ्यांच्या चाली, शेतकऱ्यांची गाणी, आणि जवळजवळ सगळ्या ग़ज़ला. यादी पाहिल्यावर फार डोकं चालवावं लागलं नाही. ऱ्या आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब).

दोन्ही नावांचे बाइट हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) पाहिले. प्लेलिस्टमधला ऱ म्हणजे युनिकोडमधला (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीतला) क्रमांक ०९३१, एकच चिन्ह, बाइट ई० ए४ बी१. डिस्कवर मात्र ०९३० चा साधा र आणि त्यापुढे ०९३सी चा नुक्ता, दोन चिन्हं, सहा बाइट. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. एचएफएस प्लस प्रत्येक नाव सुटं करूनच साठवते, आणि शोधतानाही विचारलेलं नाव आधी सुटं करते. त्यामुळे जुन्या मॅकवर कधी काही बिघडलं नाही. ईएक्सटी४ असले लाड करत नाही, दिले ते बाइट जसेच्या तसे ठेवते. मॅकसोबत आलेलं जुनं आरसिंक २.६.९ तेच सुटे बाइट इकडे पाठवतं. आरसिंक ३ दोन्हीकडे असेल तर नावांचं रूप बदलणारा आयकॉन्व्हचा पर्याय देऊन ही सुटी चिन्हं वाटेतच जोडून घेता येतात.

इथे फाइलींची नावं बदलणारं कन्व्हएमव्ही वापरलं: यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्ये, एनएफसी रूपात (सुटी चिन्हं जोडून लिहिण्याच्या युनिकोडच्या ठरलेल्या रूपात), सगळ्या फोल्डरांत. ते आधी फक्त काय बदलेल ते दाखवतं. 'नोटेस्ट' दिल्याशिवाय हात लावत नाही. हा स्वभाव मला आवडतो. त्यानंतर मात्र जुन्या मॅकवरून आरसिंक पुन्हा चालवायचं नाही. नावं आता वेगळी असल्याने त्या फाइलींची दुसरी प्रत येऊन पडते, आणि डिलीट चालू असेल तर दुरुस्त केलेली प्रत पुसलीही जाते.

ऱ सुटला, ग़ज़ला नाही सुटल्या. एनएफसीमध्ये ऱ जोडला जातो, पण ग़, ज़, फ़ ही अक्षरं युनिकोडच्या नियमानेच सुटी राहतात. लॅपटॉपवर ती जोडलेली टाइप झाली होती. म्हणून प्लेलिस्टच्या फाइलींतला मजकूरही एनएफसीतून काढावा लागला. फक्त फाइलींची नावं बदलून भागत नाही ते यामुळे.

एवढं करूनही मूठभर ओळी अडून बसल्या. त्यांत ऱ नव्हताच. र, हलंत आणि त्यापुढे २००डी चा अदृश्य जोडक, असा तिसरा प्रकार होता. काही जुने मराठी कीबोर्ड ऱ्या असाच लिहितात. युनिकोडच्या हिशोबाने हा जोडक आणि नुक्ता यांचं काही नातं नाही, त्यामुळे एनएफसी त्याला शिवत नाही. तिथे सरळ अदलाबदल: 'र, हलंत, जोडक' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलंत'. नावांतले सगळेच जोडक उडवायचे नाहीत. अर्धा क किंवा ष मुद्दाम सुटा दाखवायला कुणीतरी ते घातलेले असतात.

या मूठभर ओळी जुन्या मॅकवरही वाजत नव्हत्या. वारकऱ्यांच्या चालींतली एक गौळण कॅसेटवरून उतरवायचीच राहिली असं गुरुजी धरून चालले होते. ती फोल्डरात होती.

पुढच्या फाइलींसाठी नावात 'दिवस ०२', 'दिवस ०३' लिहायचं सुचवलं. नाव आखूड होतं आणि क्रमही नीट लागतो. आकडे त्यांना मान्य, पण 'दुसऱ्या दिवशीचे' हे शब्द सोडायला ते तयार नाहीत. म्हणून रोज रात्री नव्या फाइलींची नावं एनएफसीत आणणारी आणि २०० बाइटच्या वरची नावं वेगळी काढून दाखवणारी स्क्रिप्ट सर्व्हरवर बसवली आहे.