वय नव्हे, गिझर

“अंघोळ झाली की हल्ली डोकं जड होतं गं. वय झालं आता.” सदाशिव पेठेतल्या काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या. मी उठून बाथरूममध्ये गेले.

जुना गॅस गिझर आतच बसवलेला. नळ सोडला, तर ज्योत निळी नाही, पिवळी. आणि गार वारं येतं म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटवलेला.

“अगं, गळती असती तर वास आला असता ना?”

नाही ना येत! सिलिंडरच्या गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळतात. पण ज्योत पिवळी म्हणजे गॅस अर्धवट जळतोय, आणि त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून जास्त पटींनी घट्ट धरतो. मग शरीराला ऑक्सिजनच पुरत नाही, आणि दार उघडायचंही भान राहत नाही माणसाला.

पुठ्ठा लगेच काढला, गिझर बंद केला. तो आता बाहेर गॅलरीत जाईल. काकूंना उद्या डॉक्टरांकडे नेतेय.

पण ते “वय झालं” डोक्यातून जात नाहीये. घरातल्या मोठ्यांचं किती काय आपण त्याच खात्यावर टाकतो!

तुमच्या आईबाबांकडचा गिझर कुठे आहे? बाथरूमच्या आत?