आर्फन्स गेल्याच्या दुसऱ्या दिवशी

४ डिसेंबर २००७ रोजी सकाळी आमच्या चाचणीकक्षात फिरत्या ड्रमवर दाबून पळवलेला एक टायर ठरलेला वेग गाठण्याच्या बराच आधी फुटला. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात टायरच्या चाचण्या घेणे हे माझे रोजचे काम असल्याने पोलादी भिंतीपलीकडून येणारा तो दणका मला नवा नव्हता. यंत्र थांबवून आत गेलो, तेव्हा खोलीत जळक्या रबराचा वास कोंडला होता, टायरचा रस्त्याला टेकणारा बाहेरचा थर, म्हणजे ट्रेड, सालीसारखा सोलून कोपऱ्यात जाऊन पडला होता आणि आतले दोरे पिंजलेल्या काथ्यासारखे बाहेर आले होते. तुकडे गोळा करायला नेहमी माझ्याआधी वाकणारे आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ त्या दिवशी मात्र हातात वर्तमानपत्र घेऊन दाराशीच उभे राहिले. आदल्या दिवशी, सोमवारी, जमिनीवरच्या वेगाचे विक्रम करणारे अ‍ॅक्रनचे आर्ट आर्फन्स वयाच्या ८१ व्या वर्षी वारले होते.

मला ते नाव केवळ वेगाच्या विक्रमांच्या यादीतले म्हणून ठाऊक होते. तंत्रज्ञांचे बालपण मात्र पिकल रोडवरच्या आर्फन्स यांच्या कार्यशाळेच्या आसपास गेले होते, आणि ते सांगू लागले तेव्हा आम्ही दोघेही फुटलेला टायर विसरलो.

आर्फन्स कुटुंबाची धान्य-पशुखाद्याची गिरणी होती. महायुद्धात नौदलात डिझेल इंजिने सांभाळून परतलेल्या आर्ट यांनी १९५२ च्या सुमारास पहिली शर्यतीची गाडी बांधली आणि ट्रॅक्टरचा उरलेला हिरवा रंग तिला फासला. निवेदकाने तिला थट्टेने ‘ग्रीन मॉन्स्टर’ म्हटले, आणि पुढच्या गाड्यांनाही तेच नाव चिकटले. युद्ध संपल्यावर लढाऊ विमानांची अ‍ॅलिसन इंजिने स्वस्तात विकायला निघाली होती. बारा सिलिंडरांचे, २८ लिटरचे असे इंजिन पाव मैलाच्या शर्यतीच्या गाडीत बसवायचे, तर सांगाड्यापासून गिअरपर्यंत सगळे स्वतः घडवावे लागे, आणि ते आर्फन्स यांनी केले. पुढे त्यांनी भंगारवाल्याकडून जनरल इलेक्ट्रिकचे जे-७९ जेट इंजिन मिळवले. एफ-१०४ स्टारफायटर विमानातले हे इंजिन आत बाहेरची वस्तू शिरून निकामी झालेले होते. त्याची पुस्तिका गोपनीय असल्याने त्यांना ती मिळाली नाही. तेव्हा त्यांनी ते स्वतः उघडले, हवा दाबून आत ढकलणाऱ्या कंप्रेसरच्या सतरा टप्प्यांची पाती तपासून पुन्हा जुळवले आणि कार्यशाळेमागे झाडांना बांधून सुरू केले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणत्याही नकाशाशिवाय परदेशी इंजिनाचे भाग घडवणारे फिटर मी लहानपणी पाहिले आहेत, म्हणूनच ही गोष्ट मला अतिशयोक्त वाटली नाही. तिच्यामागची मेहनत किती असेल, याचा मात्र मला अंदाज आला.

शेजारीच त्यांचे सावत्र भाऊ वॉल्ट यांची कार्यशाळा होती. भावांचे बोलणे बंद होते. वॉल्ट यांच्या पाठीशी गुडइयर उभी होती आणि आर्ट यांच्या पाठीशी फायरस्टोन, म्हणजे आमच्या शहराचे दोन टायरवाले त्या एका घरात समोरासमोर होते. २ ऑक्टोबर १९६४ रोजी वॉल्ट यांच्या ‘विंगफूट एक्स्प्रेस’ने यूटातल्या बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी ४१३ मैलांचा विक्रम केला. तीनच दिवसांनी आर्ट यांनी तो ४३४ मैलांवर नेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ५३६ वर. ७ नोव्हेंबर १९६५ रोजी त्यांनी ५७६ मैलांचा वेग गाठला आणि त्याच धावेत टायर फुटला.

इथे तंत्रज्ञ थांबले आणि पायापाशी पडलेल्या दोऱ्यांकडे बघत राहिले. मी कागद घेऊन हिशेब मांडला. फिरत्या टायरला बाहेर खेचणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून चाक तेच धरले तर ४३४ वरून ५७६ वर जाताना ते बल जवळजवळ पावणेदोन पटींनी वाढते. सांगाडा आणि इंजिनाची जुळणी आर्फन्स यांच्या हातची होती. टायर मात्र आमच्यासारख्यांच्या हातचा होता, आणि तो घडवणाऱ्यांकडेही त्या वेगाचा पूर्वानुभव नव्हता. माझ्या मते आर्फन्स यांचे खरे धैर्य इथेच दिसते, कारण दुसऱ्याने घडवलेल्या आणि स्वतःला उघडून पाहता न येणाऱ्या एका वस्तूवर त्यांनी जीव सोपवला होता. पुढच्याच वर्षी ताशी ६१० मैलांच्या आसपास चाकाचे बेअरिंग जाम झाले, गाडी कोलांट्या खात विखुरली आणि ते वाचले.

१९७१ मध्ये डॅलसला त्यांच्या गाडीच्या अपघातात तिघांचा बळी गेला. त्याविषयी तंत्रज्ञ थोडक्यातच बोलले. आर्फन्स यांना ते आयुष्यभर लागून राहिले असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यानंतर ते कित्येक वर्षे शर्यतीपासून दूर राहिले, ही गोष्ट त्याला पुष्टीच देते.

दुपारी आम्ही फुटलेल्या टायरचा छेद घेतला. भिंगाखाली पाहिल्यावर ट्रेडच्या कडेला, पोलादी पट्ट्याच्या टोकाशी, नखाएवढ्या जागेत रबर सुटल्याची जुनी, गुळगुळीत झालेली खूण सापडली. फुटण्याच्या कितीतरी आधीपासून ते तिथे सुटत होते. तंत्रज्ञांनी ती जागा खडूने वर्तुळ करून दाखवली आणि अहवालात तिचे छायाचित्र मोठे घ्यायला सांगितले.

आर्फन्स यांच्या दफनाची हकिगत नंतर कळली. त्यांच्या दोन्ही हातांत नटबोल्ट आवळायचे पाने दिले होते, शेजारी बॉनेव्हिलच्या मिठाची बरणी ठेवली होती आणि तिच्याबरोबर जे-७९ ची ती पुस्तिका.