काही नाही गं

रविवारी दुपारी आमच्याकडे जेवताना सगळे एकदम बोलतात. दादाने काहीतरी सोडलं, हशा पिकला, की भाची मला कोपराने ढोसते आणि भुवया उडवते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. समोर एकजण असला तर ओठांवरून बरंच कळतं. पण सातजण, त्यात तोंडात पोळीचा घास, काय कळणार कपाळ? मी डोळे पुसत म्हणते, "काही नाही गं, नंतर सांगते." ते नंतर कधी उजाडत नाही.

वाढदिवसाला तिला सीसी बेल यांचं 'एल डेफो' दिलं. २०१४ सालचं हे चित्रमय आत्मकथन. चौथ्या वर्षी मेंदूज्वराने ऐकू येईनासं झालेली अमेरिकन मुलगी, आणि सगळी पात्रं ससे. म्हणजे कान केवढाले! तिच्या ऐकण्याच्या यंत्राची बॅटरी उतरू लागली की बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं फिकी होत जातात, शेवटी फुगा नुसता कोरा. त्या पानावर भाची बराच वेळ थांबली.

पण त्यातली सीसी खुणांची भाषा शिकायला कुरकुरते, ते हिला मुळीच पटलं नाही. हिला आवडलं ॲन क्लेअर लेझॉट या कर्णबधिर लेखिकेचं 'शो मी अ साइन'. १८०५ सालचं अमेरिकेतलं मार्थाज व्हिनयार्ड बेट. तिथल्या चिलमार्क गावात पिढ्यान्‌पिढ्या इतके बहिरे लोक होते की ऐकू येणारे शेजारीही खुणांनी बोलत. हे बेटही खरं, ती भाषाही खरी. अकरा वर्षांच्या मेरीला आपल्यात काही उणं आहे हे गावात कधी जाणवत नाही. जाणवतं ते तिला पळवून बॉस्टनला नेल्यावर.

इंग्रजीत 'डेफ'चा डी मुद्दाम मोठा काढतात: नुसते कान गेलेला छोट्या डीचा, खुणांच्या भाषेत आणि ती बोलणाऱ्या माणसांत नांदणारा मोठ्या डीचा. आपल्या बाराखडीत अशी सोयच नाही. आपण तर "बहिरी झालीस का?" हे ऐकू येणाऱ्यांवरच खेकसतो.

परवा दादाने पुन्हा काहीतरी सोडलं. मी सवयीने "काही..." म्हणेपर्यंत तिने वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने कोरा फुगा काढला आणि तो दादाच्या ताटाजवळ सरकवला. दादा आधी गडबडला. मग घास गिळून, तिच्याकडे तोंड करून, पहिल्यापासून सांगू लागला. अडला की हातवारे करायचा. ते चुकले की ती बरोबर खूण करून दाखवायची. आमटी गार झाली.

विनोद संपला. ती हसली नाही. माझ्याकडे वळून खुणेने विचारलं, एवढंच?