गाठीखालची चरबी

रविवार, रात्री उशिरा

गुदाशयाच्या कॅन्सरचा विचार सुरू झाला की मन ५७ पैकी ५४ या आकड्यावर अडतं. लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी १८९९ ते १९०६ या काळात खालच्या बाजूने ५७ जणांचा गुदाशय काढला. त्यातल्या ५४ जणांत रोग परतला. मग शवविच्छेदनात त्यांनी शोधलं, की रोग मागे राहतो कुठे. तो वर, बाजूला आणि खाली अशा तिन्ही दिशांना पसरतो असं त्यांनी मांडलं, आणि १९०८ मध्ये पोटातून व खालून अशी दुहेरी शस्त्रक्रिया सुचवली. तिच्यात गुदद्वार जायचं, पोटावर मळासाठी कायमची पिशवी यायची. पुढे पॅथॉलॉजिस्ट (काढलेल्या ऊती तपासणारे डॉक्टर) कथबर्ट ड्यूक्स यांच्या कामातून दिसलं की खालच्या दिशेचा प्रसार क्वचितच होतो, लसिकेची (लिम्फ या द्रवाची) वाट मुख्यतः वर जाते. तेव्हा कुठे गुदद्वार वाचवण्याचं धाडस होऊ लागलं.

पण गुदाशय काढून आतड्याची टोकं जोडल्यावर तो जोड नीट बसला तरी ओटीपोटात रोग परत यायचा. त्याचं कारण इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ च्या एका निबंधात दाखवलं. गुदाशयाच्या मागे आणि बाजूंना चरबीची गादी असते, तिच्यातच रक्तवाहिन्या आणि लसिका ग्रंथी. तिला मेसोरेक्टम म्हणतात. पाच रुग्णांमध्ये गाठीच्या दिसणाऱ्या खालच्या कडेपासून काही सेंटिमीटर खाली, त्या चरबीत, कॅन्सरचे अगदी बारीक ठिपके सापडले. दोघांत तर लसिकेतून प्रसार झाल्याची दुसरी कुठलीच खूण नव्हती. नेहमीच्या शस्त्रक्रियेत ही चरबी बरीचशी आतच राहायची. हील्ड ती पूर्ण काढू लागले. रोगमुक्तीच्या आशेने केलेल्या ५० शस्त्रक्रियांत दोन वर्षांहून जास्त काळ ओटीपोटात किंवा जोडावर एकदाही रोग परतला नव्हता. मला या निबंधाचं मोल वाटतं ते यासाठी, की रोग उलटल्याचं खापर त्याने रोगाच्या स्वभावावर फोडलं नाही.

करायचं काय, हे सांगायला सोपं आहे. मेसोरेक्टमभोवती पातळ, चकाकता पडदा असतो. त्याच्या बाहेर कोळ्याच्या जाळ्यासारखा विरळ तंतूंचा थर आहे, आणि तिथे रक्तवाहिन्या जवळपास नसतात. गुदाशय एका बाजूला ओढायचा, समोरचा भाग उलट दिशेला, म्हणजे जाळं ताणलं जाऊन पांढरं दिसतं. ते डोळ्यांसमोर कात्रीने किंवा डायथर्मीने (विजेच्या उष्णतेने कापणाऱ्या उपकरणाने) कापत जायचं. पूर्वी हात आत घालून बोटांनी गुदाशय सोडवत. त्यात पडदा फाटतो, चरबीचे तुकडे मागे राहतात, आणि हात मागे घसरला तर त्रिकास्थीवरच्या (कण्याच्या तळाच्या हाडावरच्या) शिरांमधून भयंकर रक्तस्राव होतो. ओटीपोटाच्या वरच्या कडेपाशी दोन बाजूंनी खाली उतरणाऱ्या नसा (मज्जातंतू) दिसतात. त्या बाहेरच्या बाजूला ठेवायच्या. बाजूला आणि पुढे जास्त बाहेर गेलं तर लघवीचा आणि लैंगिक कार्याचा त्रास आयुष्यभर उरतो. म्हणजे आत सरकलं तर कॅन्सर राहतो, बाहेर सरकलं तर नस जाते. जागा मिलिमीटरांची.

काम कसं झालं हे काढलेला भाग बघितल्यावरच खरं कळतं. मागची बाजू गुळगुळीत, चमकदार, मध्ये खाच असलेल्या दोन उंचवट्यांची हवी. खाली जाताना चरबी निमुळती होऊन पेन्सिलीच्या टोकासारखी झाली असेल, किंवा कुठे आतड्याचा स्नायू उघडा पडला असेल, तर पडदा चुकला. पॅथॉलॉजिस्टने आधी पुढून-मागून फोटो घ्यावा, मग बाहेरच्या पृष्ठभागाला शाई लावावी. गाठीचा भाग उभा चिरायचा नाही. फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) दोन-तीन दिवस नीट मुरल्यावर ३ ते ५ मिलिमीटरच्या आडव्या चकत्या करायच्या आणि शाईपासून कॅन्सरचं अंतर मोजायचं. १ मिलिमीटर किंवा कमी असेल तर कड बाधित. फिल क्वर्क आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये असेच ५२ नमुने आडवे कापले. १४ जणांत बाजूची कड बाधित निघाली आणि त्यातल्या १२ जणांत ओटीपोटात रोग परतला. तोवर सगळे आतड्याच्या वरच्या-खालच्या कडाच बघत होते.

स्टॉकहोममध्ये हील्ड यांनी स्वतः कार्यशाळा घेतल्या. तिथे जागच्या जागी रोग परतण्याचं प्रमाण १४–१५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. नवं औषध नव्हतं, फक्त कापण्याची जागा बदलली.

याची किंमतही आहे. पूर्ण मेसोरेक्टम काढला की उरलेल्या टोकाचा रक्तपुरवठा घटतो, जोड गुदद्वाराजवळ येतो आणि फुटू शकतो. स्वीडनच्या एका चाचणीत तात्पुरती पिशवी असलेल्यांत १०.३ टक्के, नसलेल्यांत २८ टक्के जोड गळले. रुग्ण पिशवीला घाबरतो, पण खालच्या जोडाला मी तिचाच आग्रह धरेन.

गाठ गुदाशयाच्या वरच्या भागात असेल तर सगळी गादी काढायची गरज नाही. गाठीच्या खाली ५ सेंटिमीटर चरबी घेतली की पुरे. मात्र ती आतड्याला काटकोनात, सरळ आडवी कापायची. तिरकी कापली तर आतड्याची कड ५ सेंटिमीटर भरते आणि चरबीची २ च उरते.