तुम्ही विचारलंत म्हणून: कॅन्सरच्या लॅबमध्ये स्नायू कशाला?

लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या माणसाने "काय करता?" विचारलं की मी सांगते, कॅन्सरवर संशोधन. चेहरा लगेच गंभीर होतो. "म्हणजे नक्की काय?" उंदराच्या स्नायूंच्या पेशी वाढवते. इथे जिलबीचा हात थांबतो. "स्नायूंना कुठे कॅन्सर होतो?"

होतो, पण क्वचित. रॅब्डोमायोसार्कोमा म्हणतात त्याला, आणि तो जास्त करून लहान मुलांना होतो. पण पेशी वाढवायच्या माझ्या डिशमध्ये स्नायू असण्याचं कारण त्याहून साधं आहे. स्नायूची पेशी वयात आली की ते नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं.

आमच्या पेशींचं नाव सी-टू-सी-ट्वेल्व्ह. मूळ वाण १९७७ साली इस्रायलमध्ये उंदराच्या मांडीच्या स्नायूपासून मिळवलेलं. वासराचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, खाणं म्हणून भरपूर मिळतंय तोवर त्या दोनाच्या चार, चाराच्या आठ होत राहतात. मग दाटी झाली की सीरम तोडायचं, घोड्याचं दोन टक्के घालायचं. दोनतीन दिवसांत पेशी एका दिशेने लांबट होतात, एकमेकींना चिकटतात, मधल्या भिंती जातात आणि अनेक केंद्रकं असलेली एकच लांब नळी बनते. चारपाच दिवसांनी डिश पाहिली तर खाटेवर वाळत घातलेल्या शेवया. एकदा नळीत शिरलेलं केंद्रक पुन्हा विभाजनाच्या भानगडीत पडत नाही.

लॅबमधल्या पहिल्याच वर्षी मी गणपतीला घरी गेले आणि दोन डिश इन्क्युबेटरमध्ये तशाच विसरले. मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पातळ खाणं, बदलायला कुणाला सांगितलंही नव्हतं. पाच दिवसांनी दार उघडलं. साध्या पेशींनी माझी वाट न पाहता शेवया वळून ठेवल्या होत्या, कारण दाटी झाली आणि खाणं आटलं. दुसऱ्या डिशमधल्या पेशींत रास नावाचं ऑन्कोजीन, म्हणजे बिघडून कॅन्सरकडे ढकलणारं जनुक, घातलेलं होतं. तिथलं मीडियम आम्लाने पिवळंजर्द झालेलं, पेशी एकमेकींच्या डोक्यावर चढलेल्या, आणि नळी एकही नाही. बोलणी खाल्ली ती वेगळी, पण या विषयाचा खरा धडा मला त्या दिवशी मिळाला: कॅन्सरकडे झुकलेली पेशी वयात यायचं सोडून नुसती वाढत राहते.

रास हे काही बाहेरचं भूत नाही. ते आपल्या प्रत्येक पेशीत असतं. "बाहेरून वाढीचा निरोप आलाय" एवढं आत कळवायचं आणि गप्प बसायचं, हे त्याचं काम. १९८२ साली माणसाच्या मूत्राशयाच्या कॅन्सरमधलं रास उलगडलं, तेव्हा त्याच्या प्रथिनाच्या १८९ मण्यांच्या (अमिनो आम्लांच्या) माळेत फक्त बारावा मणी बदललेला निघाला. त्या एका बदलाने ते गप्प बसायचं विसरतं. सीरम तोडलं तरी पेशीला वाटतं, ताट वाढलेलंच आहे. शिवाय पेशीला स्नायूपणाची दीक्षा देणारं मायोडी नावाचं जनुक असतं, तेही अशा पेशींत दबून जातं.

पण मला सर्वांत आवडतो तो १९७५चा प्रयोग. कोंबडीला सार्कोमा (एका प्रकारच्या कॅन्सरची गाठ) करणारा विषाणू अमेरिकन शास्त्रज्ञ पेटन राऊस यांनी १९११ मध्येच दाखवला होता (नोबेल मिळालं १९६६ साली, तोवर ते सत्तरी ओलांडून बरेच पुढे गेले होते). त्या विषाणूचा एक उष्णतेला हळवा प्रकार पुढे हाती आला. त्याचं सार्क हे ऑन्कोजीन ३६ अंशांच्या आसपास चालतं, ४१ला लुळं पडतं. कोंबडीच्या पिल्लाच्या स्नायूपेशींना त्याची लागण केली. ३६ला त्या कर्कपेशींसारख्या वाढत राहिल्या. मग फक्त तापमान वाढवलं, आणि त्याच पेशी जुळून नळ्या झाल्या! म्हणजे इतक्या पिढ्या त्यांना आपण स्नायू आहोत हे पक्कं ठाऊक होतं. वाट अडवून ठेवली होती, एवढंच.

हे ऐकून माझी मावशी म्हणाली, "अगं, मग पेशंटला ताप आणा की!" नाही गं मावशी. उष्णतेचा हळवेपणा त्या एका बिघडलेल्या विषाणूचा, माणसाच्या गाठीतलं रास तापाला भीक घालत नाही.

मात्र तिच्या प्रश्नात तथ्य आहे. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये, अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात, अडून राहिलेल्या पेशींना 'अ' जीवनसत्त्वाच्या नात्यातलं एक औषध देऊन मोठं करता येतं. शांघायच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात ते रुग्णांवर करून दाखवलं आणि आज ते नेहमीच्या उपचारात आहे. मुलांच्या स्नायूंच्या गाठीत मात्र गंमत अशी, की पॅथॉलॉजिस्ट त्यांना ओळखतात तेच मुळी मायोडी आणि मायोजेनिन या स्नायूंच्या खुणांवरून. खुणा सगळ्या हजर, आणि पेशी तरीही विभाजत राहते. मायोडी हाताशी असून ते तिथे काम का करत नाही, हे शोधण्यासाठी मी सोमवारी पुन्हा सीरम तोडणार आहे.