शिवेवरचा गाडा आणि किनाऱ्यावरचे जहाज

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात मरीआईचे देऊळ वेशीबाहेर, ओढ्याच्या काठी आहे. पूर्वी पटकीची साथ आली की लाकडी गाड्यावर देवीला बसवायचे, खणानारळाने ओटी भरायची, दहीभाताचा निवद ठेवायचा आणि हलगी वाजवत, पोतराजाला पुढे घालून तो गाडा रात्रीच शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडायचा, असे आजी सांगत असे. परतताना कोणी मागे वळून पाहायचे नाही. सकाळी गाडा दिसला की ते गावकरीही पूजा करून तो पुढच्या शिवेकडे ओढत नेत.

माझा भाचा नोकरीनिमित्त तैवानमध्ये असतो. २०२४ साली त्याने पिंगतुंग जिल्ह्यातील डोंगगांग या मासेमारीच्या बंदरातून एक चित्रफीत पाठवली आणि आजीचा गाडा मला पुन्हा आठवला. तिथल्या डोंगलोंग मंदिरात दर तीन वर्षांनी 'वांग ये' या देवांचा सोहळा होतो. हे देव स्वर्गातून पाहणीसाठी येतात आणि जाताना गावची रोगराई आपल्याबरोबर नेतात, अशी श्रद्धा आहे. त्यांना समुद्रकिनारी जाऊन आमंत्रण द्यायचे, आठ दिवस राजासारखा पाहुणचार करायचा आणि अखेरीस जहाजातून निरोप द्यायचा. मंदिराची सोनेरी कमान डोळे दिपवते खरी, पण मला गुंतवून ठेवले ते त्या जहाजाने. पूर्वी ते कागदाचे असे, १९७० च्या दशकापासून लाकडाचे बांधतात. सुमारे १४ मीटर लांबीचे, शिडाडोलकाठ्यांसह रंगवलेले ते जहाज आधी गावभर मिरवतात, पुढे पाणी शिंपून त्याच्यासाठी जलमार्ग 'उघडतात', त्यात तांदूळ, मीठ, भांडीकुंडी असा प्रवासाचा शिधा भरतात आणि किनाऱ्यावर सोनेरी कागदांच्या राशीत उभे करून पहाटे पेटवतात. ज्वाळा चढल्या की वाद्ये थांबतात आणि लोक निमूटपणे घरी परततात. चीनच्या दक्षिण फुजियान किनाऱ्यावर आणि मलेशियातील मलाक्का येथेही ही परंपरा आहे. २०२० साली युनेस्कोने त्या दोन देशांच्या नावे तिची नोंद केली.

जुन्या काळी मात्र अशी जहाजे अनेक ठिकाणी जाळत नसत, तर समुद्रात सोडून देत, आणि ती वाहत ज्या किनाऱ्याला लागत तिथल्या लोकांना देवांचा पाहुणचार करणे भाग पडे. हे वाचून मी थबकलो, कारण हा तर थेट आमचा गाडाच झाला! जहाज जाळण्याला लोक आकाशमार्गाचा प्रवास मानतात. माझ्या मते मात्र त्या आगीचा मोठा गुण असा, की तिच्यामुळे शेजाऱ्याच्या दारात काहीच उरत नाही.

आमच्या गाड्याला हा सुटकेचा मार्ग नव्हता. "आपली इडापिडा दुसऱ्याच्या शिवेत," असे म्हणून आजी हसायची, पण लगेच गप्प व्हायची. गाडा ओढत ओढत शेवटी कोणत्या गावात थांबत असे, हे तिला विचारायचे राहून गेले.