लायसन्स चालवणाऱ्याचं जातं, मालकाचं नाही

माझी स्कूटर भाच्याने नेली, फोनवर बोलत चालवली आणि ई-चलन माझ्या मोबाईलवर आलं. गाडी माझ्या नावावर, म्हणून दंड मी भरून टाकला. पुढे आरटीओची कारणे दाखवा नोटीस आली: तुमचं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित का करू नये?

ही कारवाई मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली होते. लायसन्स निलंबित करता येतं अशा कृत्यांची यादी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २१ मध्ये आहे, त्यात फोनवर बोलत गाडी चालवणंही येतं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली किमान तीन महिने निलंबनाचे निर्देश दिलेत. ते योग्यच आहे. पण समोरच्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि आदेशात कारणं लेखी द्यायची, हेही कलम १९ मध्येच आहे. माझं घोडं अडलं ते तिथे.

खिडकीवरचे क्लार्क एकच धरून बसले. "मॅडम, दंड भरलात ना? म्हणजे कबूल केलंत." अहो, चलनातला फोटो तरी उघडून बघा! फोटोत नंबरप्लेट स्वच्छ दिसते, सीटवर पाठमोरा तरुण, पाठीला सॅक, डावा हात कानाशी. मी पन्नाशी ओलांडलेली बाई. तर म्हणे, "आमच्याकडे फोटो येत नाही, यादी येते." साहेब कधी लायसन्स टेस्टच्या ट्रॅकवर, कधी मीटिंगमध्ये. लेखी उत्तर पुढे केलं तर "ठेवून जा". मी ठेवलं नाही. माझ्या पुढच्या टेम्पोवाल्याने असंच उत्तर ठेवलं होतं, पोच घेतली नव्हती, आणि त्याच्या कागदावर शेरा होता, 'खुलासा प्राप्त नाही'. ते पाहून माझं डोकंच फिरलं. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला आवक-जावकचं टेबल वेगळं असतं, एवढंही कुणी सांगू नये? मी त्या टेबलावर गेले, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतली. त्यालाही सोबत नेलं.

चलन आलं त्याच दिवशी त्यातला फोटो उतरवून ठेवा आणि रंगीत प्रिंट काढा, झेरॉक्समध्ये सगळं काळं येतं.

सुनावणीत साहेबांनी प्रिंट पाहिली, भाच्याचा लेखी जबाब आणि त्याच्या लायसन्सची प्रत घेतली, आणि माझ्यावरची कारवाई थांबवली. बहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण विचारणा झाल्यावर चालकाचं नाव सांगणं कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे, आणि भाच्याने स्वतःहून सही केली याचा मला अभिमान आहे.

निकाल विरुद्ध गेला तर आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. म्हणून तोंडी निरोपावर परतू नका, आदेशाची प्रत मागा आणि मिळाल्याची तारीख लगेच त्यावर लिहा. निकाल बाजूने लागला तरी सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर आपल्या लायसन्सची स्थिती तपासून घ्या.